ऑर्थोटिक सुकतळे

पायाचे दुखणे कमी करण्यासाठी बुटात घालायचा, तळव्याला ठरावीक जागी आधार देणारा सुकतळा. दुकानात तो ‘ऑर्थोटिक इनसोल’ किंवा ‘आर्च सपोर्ट’ म्हणून मिळतो. नुसता मऊ सुकतळा चालताना बसणारा धक्का शोषतो. ऑर्थोटिक सुकतळा त्याशिवाय तळव्यावरचा भार एका जागेवरून दुसरीकडे नेतो. म्हणून निवड करताना किमतीआधी पाहायचे ते नेमके कुठे दुखते हे.

सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिल्या काही पावलांना टाचेखाली कळ येते आणि थोडे चालल्यावर ती ओसरते, ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा हा प्लांटार फॅशिआयटिस असतो : टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत जाणारा जाड पट्टा टाचेकडच्या टोकाला दुखावतो. एक्स-रे पाहून ‘टाचेचे हाड वाढले’ असे सर्रास सांगितले जाते, पण तसे हाड मुळीच न दुखणाऱ्या टाचांतही दिसते. उपाय करायचा तो पट्ट्यावरच्या ताणावर. त्यासाठी टाच नीट बसेल अशी खोलगट वाटी आणि कमानीखाली, म्हणजे तळव्याच्या मधल्या उचललेल्या भागाखाली, निमकडक आधार असलेला सुकतळा घ्यावा. पोटरीचे व तळव्याचे ताण देण्याचे व्यायाम सोबत हवेतच.

मापाप्रमाणे बनवलेला महागडा सुकतळाच चांगला, हा समज टाचदुखीपुरता तरी टिकत नाही. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत 236 रुग्णांना व्यायाम दिले होते आणि बहुतेकांना शिवाय गटागटाने वेगवेगळे सुकतळे. आठ आठवड्यांनंतर तयार सिलिकॉन पॅड वापरणाऱ्यांपैकी 95 टक्क्यांना, तर मापाचे सुकतळे वापरणाऱ्यांपैकी 68 टक्क्यांना बरे वाटले. त्यामुळे आधी तयार सुकतळा सहा ते आठ आठवडे वापरून पाहणे शहाणपणाचे. पायाचा आकार बिघडलेला असेल, संधिवात किंवा मधुमेह असेल, तर मात्र थेट मापाचाच घ्यावा. माप फोमच्या पेटीत, प्लास्टरमध्ये किंवा स्कॅनरने घेतात. ते घेणारा ऑर्थोटिस्ट, म्हणजे असे आधार बनवणारा तज्ज्ञ, भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदलेला आहे का, हे विचारावे. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत ऑर्थोटिक्सचा विभाग आहे.

तयार सुकतळ्याची पारख हातानेही होते. कमानीच्या जागी अंगठ्याने जोरात दाबावे. तो भाग सपाट झाला तर शरीराच्या वजनाखाली आधार उरणारच नाही. जराही दबला नाही तर सवय नसलेल्या पायाला तो टोचेल. जेलचे सुकतळे दुकानात सुखद वाटतात, पण बहुतेकांत कमानीला आधार नसतो. सर्वांत जास्त फसगत मापात होते. बुटाचा नंबर जुळला तरी कमान जुळेलच असे नाही, कारण दोघांच्या तळव्यांची लांबी सारखी असूनही टाचेपासून अंगठ्याच्या मुळातल्या सांध्यापर्यंतचे अंतर वेगळे असू शकते. कमानीचा उंचवटा त्या सांध्याच्या मागेच संपायला हवा. तो सांध्याखाली आला की अंगठा मोकळा वाकत नाही आणि नवेच दुखणे सुरू होते.

चवडा दुखत असेल तर मेटाटार्सल पॅड, म्हणजे सुकतळ्यावर चिकटवायची छोटी गादी, लागते. ते दुखऱ्या जागेखाली लावणे ही नेहमीची चूक. त्याने दाब उलट वाढतो. दुखऱ्या जागी लिपस्टिकचा ठिपका लावून सुकतळ्यावर उभे राहावे आणि उमटलेल्या खुणेच्या किंचित मागे, टाचेच्या बाजूला, पॅडचा पुढचा काठ येईल असे ते चिकटवावे.

बुटातला मूळ सुकतळा काढूनच नवा घालावा, नाहीतर टाच वर येऊन बुटातून निसटते. लांबी जास्त झाली तर जुन्या सुकतळ्याची रेघ मारून फक्त बोटांकडून, आधी 2-3 मिमी राखून कापावे; टाचेकडून कापल्यास कमानीची जागा सरकते. बूट मध्यभागी दुमडत असेल किंवा पिळला जात असेल, तर चांगला सुकतळाही त्यात वाया जातो. टाच उचलणारे पॅड दुखत नसलेल्या पायातही तेवढ्याच उंचीचे घालावे, नाहीतर कंबर धरते.

पहिल्या दिवशी एक-दोन तास, मग रोज तासभर वाढवत जावे. कातडीवरचा लाल वण अर्ध्या तासात गेला नाही तर तिथला दाब जास्त आहे. मधुमेहात तळवा बधिर असेल तर दुखून कळत नाही, म्हणून रोज डोळ्यांनी पाहावे लागते. अशा पायाला कडक प्लास्टिक घालू नये. मऊ मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजे एमसीआर, हा भारतात रुळलेला पर्याय आहे.

आपल्याकडे खरी अडचण घरात येते. बाहेर बूट दोन-चार तास, उरलेला दिवस फरशीवर अनवाणी किंवा सपाट चपलेत. कोल्हापुरी चपलेत सुकतळा बसतच नाही. दुखणे असेपर्यंत घरात घालायला कमानीचा आधार असलेली वेगळी चप्पल ठेवावी. पावसाळ्यात भिजलेला सुकतळा काढून सावलीत वाळवावा; उन्हाच्या तापाने त्यातला ईव्हीए नावाचा फोम आकसतो. रोजच्या वापरात फोम साधारण सहा महिने ते वर्षभरात दबून बसतो, मग वरचे कापड धड दिसत असले तरी सुकतळा बदलावा.