मधुमेह आणि चालण्याचा व्यायाम

मधुमेह झालेल्या किंवा त्याच्या उंबरठ्यावर असलेल्या व्यक्तीने रक्तातील साखर आटोक्यात ठेवण्यासाठी ठरावीक गतीने, ठरावीक वेळ आणि आठवड्यातील बहुतेक दिवस नेमाने केलेले पायी चालणे, असा या व्यायामाचा अर्थ आहे. बाजारहाट करताना, कार्यालयात किंवा घरात दिवसभरात जे चालणे होते तेही उपयोगाचे असते, परंतु उपचार म्हणून सांगितल्या जाणाऱ्या चालण्याला वेळ, वेग आणि सातत्य यांचे माप असते आणि औषधाप्रमाणेच ते चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या रीतीने घेतल्यास अपायही करू शकते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. इतक्या मोठ्या संख्येला परवडेल आणि घराबाहेर पाऊल टाकताच सुरू करता येईल असा व्यायाम म्हणून चालण्याला जे महत्त्व आहे ते दुसऱ्या कोणत्याही व्यायामप्रकाराला नाही.

चालल्याने साखर का उतरते, हे समजून घेण्यासाठी स्नायूंकडे पाहावे लागते. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या ग्लुकोजचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक म्हणजे हाडांना जोडलेले स्नायू. स्नायूपेशीत ग्लुकोज आपोआप शिरत नाही. त्यासाठी ग्लूट-४ नावाची वाहक प्रथिने पेशीच्या आतून तिच्या पृष्ठभागावर यावी लागतात आणि एरवी हे काम इन्शुलिनच्या निरोपावर होते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात हा निरोप पेशीपर्यंत पोहोचूनही नीट ऐकला जात नाही, यालाच इन्शुलिन-प्रतिरोध म्हणतात. मात्र स्नायू आकुंचन पावू लागला की तीच वाहक प्रथिने इन्शुलिनची वाट न पाहता वेगळ्या मार्गाने पृष्ठभागावर येतात आणि हा दुसरा मार्ग मधुमेही व्यक्तीतही बऱ्याच अंशी शाबूत असतो. मांड्या, पोटऱ्या आणि नितंब हे शरीरातील सर्वांत मोठे स्नायुसमूह चालताना एकाच वेळी कामाला लागतात, त्यामुळे साध्या चालण्यानेही साखरेचा उठाव लक्षणीय होतो. चालणे थांबल्यावर स्नायू आपला रिकामा झालेला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवणीतल्या साखरेचा, साठा पुन्हा भरू लागतात आणि त्या काळात त्यांची इन्शुलिनविषयीची संवेदनशीलता वाढलेली राहते. हा परिणाम साधारण एक ते तीन दिवस टिकतो व नंतर विरून जातो. म्हणूनच व्यायामात सलग दोन दिवसांपेक्षा अधिक खंड पडू देऊ नये असे सांगितले जाते आणि रविवारी एकदम दहा किलोमीटर चालून आठवडाभर बसून राहणाऱ्याच्या पदरी फारसे काही पडत नाही.

या उपायाची ओळख भारतीय वैद्यकाला फार पूर्वीपासून आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचे सहज, म्हणजे जन्मजात, आणि अपथ्यामुळे होणारा असे दोन प्रकार सांगितले असून दुसऱ्या प्रकारचा रोगी बहुधा स्थूल, खादाड आणि अंथरुण, आसन व झोप यांची आवड असलेला असतो असे त्याचे वर्णन आहे. निर्धन किंवा आप्तांचा आधार नसलेल्या प्रमेही माणसाने पादत्राण व छत्री न वापरता, भिक्षेवर राहून, एका गावात एकच रात्र मुक्काम करत, मुनीप्रमाणे संयमाने शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे, असा उपचारही तेथे दिला आहे. प्रमेह ही संज्ञा आजच्या मधुमेहापेक्षा व्यापक आहे, हे खरे. तरीही अल्प आहार, वजनात घट आणि दीर्घकाळचे चालणे ही तिन्ही सूत्रे या एका उपचारात एकत्र आली आहेत. त्यातील अनवाणी चालण्याचा भाग मात्र आजच्या रुग्णाने मुळीच अनुसरू नये. त्याचे कारण पुढे आले आहे.

आधुनिक काळात इन्शुलिनचा उपचार १९२२ मध्ये सुरू झाल्यानंतर व्यायामाचा आणि इन्शुलिनचा संबंध अभ्यासला जाऊ लागला. लंडनचे वैद्य रॉबर्ट लॉरेन्स यांना स्वतःला मधुमेह होता. व्यायामामुळे इन्शुलिनचा परिणाम वाढतो, हे त्यांनी १९२६ मध्ये दाखवून दिले. अमेरिकेतील मधुमेहतज्ज्ञ इलियट जॉस्लिन आहार, इन्शुलिन आणि व्यायाम यांना मधुमेहाच्या रथाचे तीन घोडे म्हणत असत.

चालण्यासारख्या व्यायामाने मधुमेह लांबवता येतो, याचा भक्कम पुरावा मात्र गेल्या चार दशकांतील आहे. चीनमधील दाचिंग शहरात १९८६ मध्ये ५७७ जणांवर सुरू झालेल्या सहा वर्षांच्या अभ्यासात केवळ व्यायामाने मधुमेह होण्याचा धोका ४६ टक्क्यांनी कमी झाला. अमेरिकेतील ३,२३४ व्यक्तींवरील मधुमेह प्रतिबंध अभ्यासात आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि ७ टक्के वजनघट असे लक्ष्य होते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत जीवनशैली बदलणाऱ्या गटाचा धोका ५८ टक्क्यांनी, तर मेटफॉर्मिनच्या गोळ्या घेणाऱ्या गटाचा ३१ टक्क्यांनी घटला. भारतीयांसाठी अधिक जवळचा अभ्यास चेन्नई येथे ए. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी मधुमेहपूर्व अवस्थेतील ५३१ व्यक्तींवर केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आहारबदल व रोज किमान अर्धा तास भरभर चालणे यांचा सल्ला मिळालेल्या गटातील ३९.३ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला, तर असा सल्ला न मिळालेल्या गटात हे प्रमाण ५५ टक्के होते. धोक्यातील घट २८.५ टक्के भरते, म्हणजे अमेरिकेतल्यापेक्षा कमी. पण चालूनही चाळीस टक्क्यांच्या आसपास लोकांना तीन वर्षांत मधुमेह व्हावा, यावरून आपल्याकडे या रोगाचा रेटा किती मोठा आहे तेही दिसते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने या रेट्याच्या एका कारणावर प्रकाश टाकला आहे. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीयाच्या शरीरातही त्याच बांध्याच्या युरोपीय माणसापेक्षा चरबी अधिक आणि स्नायू कमी असतात आणि ही ठेवण जन्माच्या वेळीच आढळते. ज्यांच्याजवळ साखर घेणारे स्नायूच कमी, त्यांनी केवळ चालण्यावर न थांबता आठवड्यातून दोन-तीन दिवस जोर, बैठका किंवा वजने उचलणे यांसारखा बळ वाढवणारा व्यायामही करावा, ही शिफारस त्यामुळे आपल्याकडे विशेष गांभीर्याने घेण्यासारखी आहे.

मधुमेहींसाठी सर्वमान्य प्रमाण आठवड्याला किमान १५० मिनिटांचे आहे. ते पाच दिवस अर्धा अर्धा तास किंवा त्याहून लहान तुकड्यांत विभागता येते. वेग मध्यम असावा, म्हणजे मिनिटाला साधारण १०० किंवा त्याहून अधिक पावले पडावीत. चालताना श्वास वाढलेला असावा, बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, ही त्याची सोपी खूण आहे. रोज दहा हजार पावलांचा जो आकडा घरोघरी माहीत आहे, त्याचा उगम १९६० च्या दशकात जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या नावात आहे, वैद्यकीय प्रयोगात नाही. त्यामुळे चार हजारांवरून सहा हजारांवर आलेल्या रुग्णाने निराश होण्याचे काही कारण नाही. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेवर, म्हणजे एचबीए१सी या चाचणीवर, होणारा परिणाम २०११ मध्ये अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण करून तपासण्यात आला. आठवड्याला १५० मिनिटांहून अधिक आखीव व्यायाम करणाऱ्यांत ही पातळी सरासरी ०.८९ टक्के अंकांनी, तर त्याहून कमी करणाऱ्यांत ०.३६ अंकांनी उतरली. ‘चालत जा’ एवढा तोंडी सल्ला मात्र आहारबदलाची जोड नसताना निष्प्रभ ठरला. हा निष्कर्ष रुग्णांइतकाच डॉक्टरांसाठीही महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे बहुतेकांना चिठ्ठीच्या तळाशी लिहिलेली तेवढी एक ओळच मिळते.

दिवसातील वेळेचा प्रश्न अनेकदा दुर्लक्षित राहतो. पहाटे फिरायला जाण्याची आपली सवय चांगली आहे, पण जेवणानंतरची साखर हा ज्यांचा मुख्य प्रश्न आहे त्यांच्यासाठी जेवणानंतरचे चालणे अधिक नेमके ठरते, कारण अन्नातील ग्लुकोज रक्तात चढत असतानाच स्नायू ते उचलू लागतात. न्यूझीलंडमध्ये दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या ४१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, दिवसातून कधीही एकदा ३० मिनिटे चालण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर दहा दहा मिनिटे चालल्याने जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतरचा फरक तर २२ टक्के होता. एकूण चालणे तेवढेच, फक्त वेळ बदललेली. महाराष्ट्रात रात्रीच्या जेवणानंतर शतपावली घालण्याची जुनी चाल याच दिशेची आहे. मात्र शंभर पावले मिनिटभरात संपतात आणि दहा मिनिटांसाठी सुमारे हजार पावले लागतात, म्हणून नावातल्या संख्येवर न थांबता अंगणात, गच्चीवर किंवा इमारतीच्या आवारात घड्याळ पाहून फेऱ्या घालाव्यात. दिवसभर बैठे काम करणाऱ्यांनी दर अर्ध्या तासाने उठून दोन-तीन मिनिटे हिंडणे हेही जेवणानंतरची साखर कमी करण्यास मदत करते. घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसभर पायांवर उभ्या असतात आणि त्या कष्टांचे मोल कमी नाही. परंतु ओट्यापुढच्या उभे राहण्यात मोठे स्नायू सलग आकुंचन पावत नाहीत, त्यामुळे त्यांना स्वतःसाठी चालायला वेगळी वीस-तीस मिनिटे मिळायला हवीत आणि ती मिळवून देणे हे घरातील इतरांचेही काम आहे.

गेल्या काही वर्षांत जगन्नाथ दीक्षित यांच्या दोन वेळा जेवण्याच्या मोहिमेमुळे ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे हे माप मराठी घरांत रुळले आहे. ताशी सहा किलोमीटरचा हा वेग मध्यम व्यायामाच्या वरच्या टोकाला येतो. बसून राहण्याची सवय असलेल्या साठीच्या माणसाने तो पहिल्याच दिवशी गाठण्याचा अट्टाहास करू नये, दहा मिनिटांपासून सुरुवात करून आठवड्यागणिक पाच मिनिटे वाढवावीत. जेवणांची संख्या आणि चालणे हे दोन्ही एकदम बदलायचे असल्यास औषधांच्या मात्रेत बदल करावा लागतो आणि तो डॉक्टरांनीच करायचा असतो.

चालताना साखर प्रमाणाबाहेर उतरण्याचा धोका सर्वांना सारखा नसतो. इन्शुलिन घेणाऱ्यांना आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना तो अधिक असतो, तर केवळ मेटफॉर्मिनवर असलेल्यांना फारच थोडा. पहिल्या गटातील व्यक्तीने निघण्यापूर्वी साखर मोजावी आणि ती ९० मिलिग्रॅमच्या खाली असल्यास काही खाऊन मगच निघावे. ज्या मांडीच्या स्नायूंना लगेच काम पडणार आहे तेथे निघण्याच्या तोंडावर इन्शुलिन टोचू नये, कारण ते भराभर रक्तात उतरते. हात थरथरणे, दरदरून घाम, छातीत धडधड, एकाएकी कडकडून भूक किंवा बोलण्यात गोंधळ जाणवल्यास चालणे थांबवून तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. ७० मिलिग्रॅमच्या खालची पातळी कमी मानतात. बीटा-ब्लॉकर गटातील रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे धडधड आणि थरथर दबून जाते, ही गोष्ट अशा रुग्णांच्या घरच्यांनाही माहीत असावी. संध्याकाळी खूप चालणे झाल्यास साखर मध्यरात्रीनंतरही उतरू शकते. याउलट पहिल्या प्रकारच्या मधुमेहात, म्हणजे ज्यात शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही त्यात, साखर २५० मिलिग्रॅमच्या वर असून लघवीत किंवा रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) आढळत असतील तर त्या दिवशी व्यायाम टाळावा लागतो.

सर्वांत जास्त काळजी लागते ती पायांची. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांच्या मज्जातंतूंना इजा होऊन आधी मुंग्या व जळजळ होते आणि पुढे संवेदना नाहीशी होते. पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी कळले नाही, ही तक्रार त्याचीच खूण असते. अशा पायात शिरलेला खडा किंवा नव्या बुटाने उठलेला फोड दुखत नाही, त्यामुळे माणूस त्यावर चालतच राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. यासाठी रोज रात्री तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात, तळवा दिसत नसल्यास आरसा धरावा, बूट घालण्यापूर्वी झटकून आत हात फिरवावा, मोजे रोज धुतलेले असावेत आणि कुरूप घरच्या घरी ब्लेडने कापू नये. नवे बूट संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना घ्यावेत. संवेदना कमी झालेल्यांसाठी अंगठ्याची चप्पल योग्य नाही. टाचेमागे पट्टा असलेली, मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या तळव्याची पादत्राणे त्यांना मिळतात. पूर्वी अशा रुग्णांना चालण्यापासून परावृत्त करत असत. पण जखम नसेल आणि पादत्राणे योग्य असतील तर मध्यम चालण्याने जखमांचा धोका वाढत नाही, असे आता मानले जाते.

अनवाणी चालण्याच्या व्रतांचा विचार येथेच करावा लागतो. नवरात्रात नऊ दिवस चप्पल न घालणे, कोजागरीला तुळजापूरला पायी जाणे, उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवरून प्रदक्षिणा घालणे या सर्वांत मधुमेहींच्या तळव्यांना भाजण्याचे व जखमांचे प्रसंग येतात. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वारी अनेक मधुमेही वारकरी करतात. त्यांनी काही महिने आधीपासून चालण्याचा सराव करणे, वापरून मऊ झालेलीच पादत्राणे घालणे, पावसात भिजलेले मोजे बदलणे, इन्शुलिन उन्हापासून जपणे आणि एकादशीच्या उपवासाच्या दिवशी औषधाची मात्रा काय ठेवायची हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवणे आवश्यक आहे.

मधुमेहात हृदयविकाराचे दुखणे नेहमी छातीत जाणवेलच असे नाही. नेहमीच्या चढावर नव्याने लागलेला दम हीच त्याची सूचना असू शकते, म्हणून ती वयावर ढकलू नये. चालताना पोटरी आवळून येणे व थांबताच मोकळी होणे हे पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्याचे लक्षण असते. त्यात तपासणीनंतर देखरेखीखाली दुखेपर्यंत चालणे, थांबणे आणि पुन्हा चालणे हाही एक मान्य उपचार आहे. डोळ्यांच्या पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या उगवल्या असतील तर साधे चालणे चालते, पण धावणे, उड्या आणि दम कोंडून वजन उचलणे टाळावे लागते. तळव्याला जखम झाली किंवा पाऊल एकाएकी लाल, गरम होऊन सुजले, तर ते दुखत नसले तरी त्याच दिवसापासून चालणे बंद करून पाय दाखवावा. जखम भरेपर्यंत खुर्चीत बसून हातांचे व्यायाम करता येतात आणि ती भरल्यावर नवी कातडी कोवळी असल्याने पुन्हा पाच मिनिटांपासून, रोज पाय तपासत, सुरुवात करावी लागते.