गॉट आणि गॉटन: 'आहे' की 'मिळालं'?

'गॉटन' हे बिघडलेलं अमेरिकन इंग्रजी आहे, हे ऐकून माझे कान किटले आहेत. न्यू जर्सीहून सुट्टीला आलेल्या एका मुलीला "गॉटन नाही, गॉट म्हण" असं चारचौघांत सुनावलेलं मी पाहिलंय. बिचारी गप्प बसली. तिचं वाक्य अगदी बरोबर होतं.

'गेट'चा भूतकाळ 'गॉट', इथे कुणीच अडत नाही. अडतं ते 'हॅव'नंतर. आपण शाळेत शिकलो ते ब्रिटिश वळणाचं इंग्रजी. त्यात तिथेही 'गॉट'च चालतं. अमेरिकन माणूस मात्र दोन अर्थांना दोन रूपं वापरतो. 'आय हॅव गॉट अ टिकेट' म्हणजे तिकीट माझ्याकडे आहे, हे बघा खिशात. 'आय हॅव गॉटन अ टिकेट' म्हणजे तिकीट मिळालं, कालपर्यंत नव्हतं. मराठीत 'आहे' आणि 'मिळालं' यांची गल्लत आपण कधी करतो का? म्हणूनच 'आय हॅव गॉटन टू ब्रदर्स' ऐकलं की मला राहवत नाही. भाऊ असतात, ते खटपट करून मिळवत नाहीत! अमेरिकन वाटावं म्हणून सगळीकडे 'गॉटन' चिकटवणं ही खरी चूक.

याहून मोठा घोटाळा पुढे 'टू' आला की होतो. 'आय हॅव गॉट टू सी हर' म्हणजे तिला भेटायलाच हवं. 'आय हॅव गॉटन टू सी हर' म्हणजे तिला भेटायचा योग आला. एका 'न'ने सक्तीची संधी होते.

मी स्वतः 'गॉट'च लिहिते, सवयीने. पण 'गॉटन'ला नवं म्हणू नका. 'गेट' इंग्रजीत आलं व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून. जुन्या इंग्रजीत हा धातू होता, पण उपसर्ग लावूनच. त्यातलाच एक 'फरगेट', मूळ अर्थ पकड सुटणं. 'गॉटन' 17व्या शतकात इंग्लंडमधून वसाहतींबरोबर अमेरिकेत गेलं, तिथे टिकलं आणि इंग्लंडमध्येच मागे पडलं. 1611 सालच्या इंग्रजी बायबलात काइनच्या जन्मानंतर हव्वा म्हणते, 'आय हॅव गॉटन अ मॅन फ्रॉम द लॉर्ड'. मुलगा झाला, मिळाला. अगदी त्या मुलीच्या 'गॉटन'चाच अर्थ. आणि तिला सुनावणारे काका स्वतः दिवसभर 'फरगॉटन' म्हणत असतात.