कात्रीत सापडलेली हेल

1986-87 च्या सुमारास पुण्यात एका फिल्म सोसायटीच्या खेळाला ‘मेट्रोपोलिस’ हा जर्मन मूकपट पहिल्यांदा पाहिला. 16 मिमीची प्रिंट, संगीत नाही, आवाज फक्त प्रोजेक्टरचा. खेळ सुटल्यावर लॉ कॉलेज रस्त्यावर चहा पिताना मित्राने विचारलं, ‘‘सगळं ठीक आहे रे, पण त्या रोटवांगला लोखंडाची बाईच कशाला करायची होती?’’ कोणाकडेच उत्तर नव्हतं. शास्त्रज्ञ वेडा आहे, असं म्हणून विषय संपवला.

मित्राचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर सिनेमात होतंही, पण आम्ही पाहिला त्या सिनेमात नव्हतं.

दिग्दर्शक फ्रिट्झ लांगने 1925 च्या मे महिन्यात चित्रीकरण सुरू केलं ते पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत चाललं. खर्च 50 लाख मार्कांच्या आसपास गेला आणि उफा ही निर्मितीसंस्था टेकीला आली. कथा-पटकथा लांगच्या बायकोची, थेआ फॉन हार्बूची. (हीच हार्बू लांगपासून वेगळी झाल्यावर बेळगुंदीच्या आयी तेंडुलकरांबरोबर राहिली. बर्लिनमध्ये पत्रकारिता करणारा मराठी माणूस! आमच्या कट्ट्यावर ही माहिती दर वर्षी नव्याने सांगितली जाते.) 10 जानेवारी 1927 ला बर्लिनमध्ये पहिला खेळ झाला तेव्हा सिनेमाची लांबी 4189 मीटर होती, म्हणजे अडीच तासांचा ऐवज.

अमेरिकेत वितरण करणाऱ्या पॅरामाउंटला तो फार लांब वाटला. काटछाटीचं काम चॅनिंग पोलॉक या नाटककाराकडे गेलं. मूळ कथेत हेल नावाची स्त्री आहे. रोटवांगचं तिच्यावर प्रेम, पण ती शहराचा मालक फ्रेडर्सन याच्याशी लग्न करते आणि मुलाला जन्म देताना जाते. रोटवांगने घरात तिचा भलामोठा दगडी चेहरा उभारलाय, पडद्याआड. यंत्राची बाई तो करतो ती तिची जागा भरायला. पण पुतळ्याखाली कोरलेलं ‘हेल’ इंग्रजी प्रेक्षकाला ‘नरक’ असं वाचू येणार, म्हणून पोलॉकने हेललाच काढून टाकलं. पुतळा गेला, दोन म्हाताऱ्यांचं वैर गेलं. उरला नुसता वेडा शास्त्रज्ञ. थोड्याच दिवसांत जर्मनीतही छाटलेलीच प्रत फिरू लागली. एच. जी. वेल्ससकट अनेकांनी सिनेमाच्या मूर्खपणाची टर उडवली. शेवटचा ‘डोकं आणि हात यांच्यामध्ये हृदय हवं’ हा संदेश मलाही भाबडाच वाटतो, लांगलाही पुढे नकोसा झाला होता. पण सगळी भोकं काही त्याने पाडलेली नव्हती.

1980 च्या दशकात म्युनिकच्या चित्रपट संग्रहालयातल्या एन्नो पाटालास यांनी सेन्सॉरच्या नोंदींमधला, पडद्यावर येणाऱ्या पाट्यांचा मजकूर आणि सिनेमाचा संगीतकार गॉटफ्रीड हुपर्ट्झची स्वरलिपी घेऊन दृश्यांचा मूळ क्रम लावत आणला. गायब भाग मात्र गायबच.

तो निघाला अर्जेंटिनात. 1928 मध्येच तिथल्या एका वितरकाने लांब प्रत नेली होती. ती एका समीक्षकाच्या संग्रहात पडून राहिली, नंतर 16 मिमीवर उतरवली गेली आणि मूळ नायट्रेट, म्हणजे चटकन पेट घेणारी जुनी फिल्म, आगीच्या भीतीने नष्ट केलं. या भीतीला पुणेकर हसणार नाहीत. जानेवारी 2003 मध्ये इथेच नायट्रेटच्या रिळांना आग लागली आणि प्रभातच्या सिनेमांची मूळ रिळंही त्यात गेली. 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय याच गावात आहे, पी. के. नायर यांनी रीळ न् रीळ गोळा करण्यात आयुष्य घातलं, तरी भारतात झालेल्या सुमारे 1300 मूकपटांपैकी आज बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत.

प्रभातचं नाव निघालंच आहे तर एक सांगतो. शांताराम 1933 मध्ये ‘सैरंध्री’च्या रंगांच्या कामासाठी जर्मनीत होते. परतल्यावर पुण्याच्या नव्या स्टुडिओत त्यांनी ‘अमृतमंथन’ केला. त्यात राजगुरूचा डोळा पडदाभर होतो. ‘मेट्रोपोलिस’मध्ये खोटी मारिया, म्हणजे मारिया या मुलीचं रूप घेतलेली ती यंत्राची बाई, नाचते तेव्हा पडद्यावर पुरुषांच्या डोळ्यांचा खच पडतो. दोन्हींचं थेट नातं जोडायला माझ्याकडे पुरावा नाही, पण एकाचा डोळा पाहताना दुसरा आठवतोच.

ब्युनोस आयर्समधली ती प्रत 2008 मध्ये तिथल्या चित्रपट संग्रहालयात ओळखली गेली. जवळजवळ 25 मिनिटांचा नवा ऐवज. 12 फेब्रुवारी 2010 ला बर्लिनमध्ये तो जोडून सिनेमा दाखवला. हे तुकडे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. ते आले की चित्रावर उभ्या ओरखड्यांचा पाऊस सुरू होतो, आणि 16 मिमीवर उतरवताना कड कापली गेल्याने बाजूला काळी पट्टी दिसते.

डीव्हीडी आली तेव्हा त्याच मित्राला घरी बोलावलं. पाऊस सुरू झाला, रोटवांगच्या घरातला पडदा बाजूला झाला आणि हेल दिसली. ‘‘हात्तिच्या, म्हणजे भांडण हिच्यावरून होय!’’ मित्र म्हणाला. पुढे रोटवांग आणि फ्रेडर्सनची मारामारी यायला हवी, तिथे काळ्या पडद्यावर नुसता मजकूर आला. ते दृश्य अजून सापडलेलं नाही.

मित्राने चहाचा कप खाली ठेवला. ‘‘आता हे कोणाच्या माळ्यावर आहे?’’