कोडी फक्त गणिताच्या तासाची नाहीत

'तर्काची कोडी गणितातल्या हुशार पोरांसाठी, मराठीच्या तासाला त्यांचं काय काम?' मराठवाड्यातल्या शाळांत हे वर्षानुवर्षं ऐकतोय. हा गैरसमज आहे.

वाघ, शेळी आणि गवताचा भारा गोदावरीपलीकडं न्यायचाय. होडीत नावाड्यासोबत एकच मावतं. तो नसला की वाघ शेळी खाणार, शेळी गवत. उत्तर 7 खेपांचं. पण ते पटवून देताना 'जर-तर', 'नाहीतर', 'म्हणून' यांच्यावाचून भागतच नाही. आमच्या वर्गातली एरवी गप्प बसणारी पोरगी फळ्यापाशी येऊन म्हणाली, "सर, शेळी माघारी आणावी लागंल, नाहीतर वाघ खाईल तिला."

मग तेच वहीत. 'ती परत आली' म्हणजे शेळी की होडी, शेजारणीला कळेना. पोरीनं आपणहून वाक्य खोडलं, नीट लिहिलं.