पिंग लागलं म्हणजे कनेक्शन लागेलच असं नाही

क्लस्टरमधला (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरच्या गटातला) एक सर्व्हर दुसऱ्याशी जोडला जात नसेल, की ‘पिंग लागतंय, म्हणजे नेटवर्क ठीक आहे’ हा सल्ला हमखास येतो. तो पटतोही, कारण पिंग समोरच्या मशीनला छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का बघतं, आणि ते मशीन सुरू आहे एवढं त्यातून खरंच कळतं. पण पिंग आयसीएमपी या नेटवर्क तपासणीच्या प्रोटोकॉलवर चालतं, त्यात पोर्ट (मशीनवरच्या एकेका सेवेचा क्रमांक) नसतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस मात्र सहसा टीसीपी या कनेक्शन जोडणाऱ्या प्रोटोकॉलच्या ५४३२ पोर्टवर ऐकतो, म्हणजे कनेक्शनची वाट बघतो, आणि फायरवॉल (नेटवर्कवरची ये-जा गाळणारी यंत्रणा) एकाला जाऊ देऊन दुसऱ्याला अडवू शकते. म्हणून जिथून जोडायचंय त्याच सर्व्हरवरून टेलनेट या कमांडने तो पोर्ट तपासा. लगेच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं, तर बहुधा तिथे कुणी ऐकत नाही: पोस्टग्रेस मुळात फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनवरून आलेली कनेक्शन्स, ऐकतो, ते सेटिंग बदलून रीस्टार्ट करावा लागतो. बराच वेळ थांबून टाइमआउट झालं, तर आधी फायरवॉल बघा. उलट दिशेनेही, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवरून पहिल्याकडे, तपासाच.