यकृतशोथ, विषाणुजन्य : संसर्गकालाचे निदान

विषाणुजन्य यकृतशोथाचा (हिपॅटायटिसचा) संसर्ग नुकताच झाला आहे की जुना आहे, हे रक्तरसातील प्रतिपिंडे (संसर्गाविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने), प्रतिजने (प्रतिपिंडे ज्यांना चिकटतात ते विषाणूचे घटक) व विषाणूचे न्यूक्लिइक अम्ल (जननिक द्रव्य) यांच्या परीक्षणावरून ठरविण्याची पद्धत. कावीळ व वाढलेली एएलटी (यकृतातील एक विकर) पातळी यांवरून यकृताला इजा झाल्याचे कळते, परंतु विषाणू शरीरात केव्हा शिरला ते कळत नाही.

संसर्गानंतर प्रथम आयजीएम वर्गाची प्रतिपिंडे तयार होतात व काही महिन्यांत ओसरतात. आयजीजी प्रतिपिंडे मागाहून येऊन दीर्घकाळ टिकतात. ए यकृतशोथात या क्रमावर बव्हंशी विसंबता येते. लक्षणांच्या सुमारास आढळणारे आयजीएम साधारणपणे सहा महिन्यांत नाहीसे होते, मात्र क्वचित ते वर्षाहून अधिक काळ रेंगाळते आणि लसीकरणानंतरही थोडे दिवस आढळू शकते. म्हणून लक्षणे नसलेल्या व्यक्तीत हे परीक्षण सहसा करू नये. ई यकृतशोथातही आयजीएमचाच आधार घेतात.

बी प्रकारात प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. बारूक ब्लमबर्ग व सहकाऱ्यांनी 1965 मध्ये वर्णिलेले ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’, म्हणजेच आजचे पृष्ठ-प्रतिजन (विषाणूच्या पृष्ठभागावरील), तीव्र व चिरकारी (दीर्घकाळ टिकणाऱ्या) अशा दोन्ही अवस्थांत सापडते. ते सहा महिन्यांहून अधिक टिकल्यास संसर्ग चिरकारी मानतात. पण समोरच्या रुग्णाच्या निदानासाठी इतके थांबणे शक्य नसते. तेथे गाभा-प्रतिजनाविरुद्धचे (विषाणूच्या गाभ्यातील प्रतिजनाविरुद्धचे) आयजीएम उपयोगी पडते. पृष्ठ-प्रतिजन नाहीसे झाले आहे आणि त्याविरुद्धचे प्रतिपिंड अजून उमटलेले नाही, अशा मधल्या काळात तर अलीकडच्या संसर्गाची मुख्य खूण तेच असते. तथापि चिरकारी रोग पुन्हा उसळला की हेच आयजीएम, बहुधा कमी पातळीत, परत दिसते. ते केवळ ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे नोंदविणाऱ्या परीक्षणांत जुना रोगी नवा ठरण्याचा धोका राहतो. त्या मानाने पातळी मोजणारी परीक्षणे अधिक ग्राह्य वाटतात. मात्र सीमामूल्य (होकार-नकार ठरविणारी पातळी) परीक्षणसंचागणिक बदलते, त्यामुळे एका संचाचा आकडा दुसऱ्यास लावता येत नाही.

दुसरा मार्ग प्रतिपिंडाची बंधनदृढता मोजण्याचा आहे. नवी आयजीजी प्रतिपिंडे प्रतिजनाला सैल चिकटतात, तर काळ लोटतो तशी त्यांची पकड घट्ट होते. युरियाच्या द्रावणाने धुतल्यानंतर टिकलेल्या प्रतिपिंडांचे मूळ प्रमाणाशी गुणोत्तर काढतात. ते कमी असल्यास संसर्ग अलीकडचा समजतात. आयजीएमला पूरक म्हणून ही पद्धत उपयुक्त असली, तरी तिच्यावर एकट्याने निदान बेतणे धाडसाचे ठरेल. आयजीएमच्या परीक्षणांना संधिवात-घटकामुळे (काहींच्या रक्तात आढळणाऱ्या, आयजीजीला चिकटणाऱ्या प्रतिपिंडामुळे) खोटा होकार मिळण्याची अडचण आयजीएम आधी पकडून ठेवणाऱ्या रचनेने बरीच कमी झाली.

सी विषाणूची ओळख 1989 मध्ये पटली. त्यात आयजीएमचा उपयोग होत नाही, कारण ते चिरकारी रोगातही आढळते. आयजीजी तर रोग बरा झाल्यावरही वर्षानुवर्षे राहते. विषाणूचे आरएनए (त्याचे न्यूक्लिइक अम्ल) साधारण एक-दोन आठवड्यांत, तर प्रतिपिंडे सुमारे आठ ते अकरा आठवड्यांत दिसू लागतात. त्यामुळे आरएनए आहे पण प्रतिपिंड नाही, असा निकाल अलीकडच्या संसर्गाकडे निर्देश करतो. पूर्वीचा साठविलेला नमुना प्रतिपिंडरहित आढळला, तर तो पुरावा अधिक बळकट होतो.

बी विषाणूच्या सोबतीनेच होणाऱ्या डी यकृतशोथात बीच्या गाभा-प्रतिजनाविरुद्धचे आयजीएम असल्यास दोन्ही संसर्ग एकाच वेळी झाले असे समजतात. ते नसल्यास डी हा जुन्या बी संसर्गावर मागाहून आला असे मानतात.