संसदेतील संरक्षणविषयक चर्चा (भारत)

देशाची सीमा, सैन्याची सिद्धता, शेजाऱ्यांशी असलेले तंटे आणि शांतिरक्षणासाठी परभूमीवर पाठवलेले सैन्य या विषयांवर खासदारांनी सभागृहात केलेली भाषणे व त्यांतून घडणारी चर्चा. खासदाराच्या शब्दाला येथे आज्ञेचे बळ नसते. सैन्य कोठे व केव्हा पाठवायचे हे मंत्रिमंडळ ठरवते. संसदेला ते बहुधा निर्णय झाल्यानंतर कळते. तरीही मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर कायमचे नोंदले जाते, हे या चर्चेचे खरे मोल.

घटनात्मक स्थान : युद्ध व शांतता, संरक्षण आणि परराष्ट्रांशी होणारे करार हे विषय सातव्या अनुसूचीतील संघसूचीत, म्हणजे केंद्राच्या अधिकारातील विषयांत, येतात. अनुच्छेद ५३ नुसार संरक्षण दलांचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे असते व त्याचा वापर कायद्याने विनियमित होतो. मात्र सैन्य देशाबाहेर पाठवण्यापूर्वी संसदेची संमती घ्यावी, असे संविधान कोठेही सांगत नाही. जर्मनीत १९९४ च्या सांविधानिक न्यायालयाच्या निर्णयापासून अशी संमती आवश्यक मानली जाते; भारतात तशी प्रथाही रुजलेली नाही. अनुच्छेद २५३ संसदेला करारांच्या अंमलबजावणीसाठी कायदे करण्याचा अधिकार देतो. करार करण्याआधी तिला विचारले पाहिजे, असा अर्थ त्यातून काढण्याचा प्रयत्न काही अभ्यासकांनी केला आहे, परंतु अनुच्छेदाचे शब्द त्याला पुरेसा आधार देत नाहीत.

सभागृहातील भाषणाला अनुच्छेद १०५ चे संरक्षण आहे. तेथे उच्चारलेल्या शब्दांबद्दल खासदारावर कोणत्याही न्यायालयात कारवाई करता येत नाही. ‘तेज किरण जैन’ खटल्यात (१९७०) सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीतील ‘काहीही’ या शब्दाचा सर्वांत व्यापक अर्थ ग्राह्य धरला. त्यामुळे एखाद्या सदस्याने लष्करी गोपनीय माहिती सभागृहात उघड केली, तर त्याला आवरण्याचे काम पीठासीन अधिकाऱ्याचे व सभागृहाचे ठरते, न्यायालयाचे नव्हे. लोकसभेच्या नियमांत गुप्त बैठकीची सोय आहे (नियम २४८). मंत्र्याने सभागृहात सरकारी कागद उद्‌धृत केला, तर तो पटलावर, म्हणजे सभागृहापुढे, ठेवावा लागतो, पण सार्वजनिक हिताचे कारण देऊन तो रोखून धरता येतो (नियम ३६८). संरक्षणाच्या बाबतीत हाच अपवाद वारंवार कामी येतो. नियम १९३ खालील अल्पकालीन चर्चेत मतदान नसते, नियम १८४ खालील प्रस्तावावर ते होते. चर्चा कोणत्या नियमाखाली घ्यायची, यावरून सरकार व विरोधक यांच्यात होणारी ओढाताण या फरकामुळेच असते.

१९६२ ची चर्चा : चीनच्या आक्रमणानंतर अटलबिहारी वाजपेयी यांच्यासह विरोधकांनी अधिवेशन लवकर बोलावण्याची मागणी केली आणि युद्ध चालू असतानाच ८ नोव्हेंबरला ते सुरू झाले. अपक्ष खासदार लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी गुप्त बैठक सुचवली होती. विषय साऱ्या देशाच्या जिव्हाळ्याचा आहे, असे सांगून पंडित नेहरूंनी ती सूचना मानली नाही. उघड्या सभागृहात १६५ सदस्य बोलले आणि आक्रमकाला हाकलून देण्याचा ठराव १४ नोव्हेंबरला मंजूर झाला. आघाडीवर सैन्य मागे रेटले जात असताना सरकारने आपल्यावरील टीका खुलेपणाने ऐकून घेतली, ही गोष्ट भारतीय संसदेच्या इतिहासात मोठीच मानली पाहिजे.

याच काळाशी जोडलेला महावीर त्यागी यांचा किस्सा सर्वश्रुत आहे. चीनने ताब्यात घेतलेल्या लडाखमधील अक्साई चीनमध्ये गवताचे पातेही उगवत नाही, अशा अर्थाचे नेहरूंचे उद्‌गार होते. त्यावर काँग्रेसचेच असलेल्या त्यागींनी आपल्या टकलाकडे बोट दाखवून, येथेही काही उगवत नाही, म्हणून हे डोके दुसऱ्याला देऊन टाकायचे काय, असे विचारले. या प्रसंगाच्या कालनिर्णयाबाबत एकवाक्यता नाही. काही लेखक तो १९५९ मधला मानतात, काही युद्धानंतरच्या चर्चेतला, तर काही १९६१ च्या अखेरचा. नेहरूंचे मूळ विधान १९५९ मधील दिसते. त्यागींचे उत्तर त्याच दिवशी आले असे गृहीत धरल्यामुळे हा घोटाळा झाला असावा. दोन्ही विधानांमध्ये काळाचे अंतर मानून उत्तर १९६१ च्या अखेरीस ठेवणारे मत अधिक ग्राह्य वाटते. शब्दांचे पाठभेदही अनेक आहेत. टक्कल मात्र सर्वांत समान आहे.

कृष्ण मेनन यांच्या जागी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. ‘हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला’ हे वर्णन महाराष्ट्रात तेव्हापासून रूढ आहे. पराभवाची कारणे तपासणाऱ्या हेंडरसन ब्रुक्स अहवालावर चव्हाणांनी सप्टेंबर १९६३ मध्ये लोकसभेत निवेदन केले, पण अहवाल पटलावर आला नाही.

शांतिसेनेचा प्रश्न : मराठीत ‘शांतिसेना’ हा शब्द आधी विनोबांच्या अहिंसक स्वयंसेवक दलासाठी रूढ होता. १९८७ नंतर वृत्तपत्रांनी तो श्रीलंकेत गेलेल्या भारतीय सैन्याला लावला आणि अर्थ जवळजवळ उलटा झाला. संयुक्त राष्ट्रांच्या दलांसाठी ‘शांतिरक्षक दल’ हा शब्द आहे व तो वेगळा ठेवणे इष्ट, कारण काँगोतील (१९६०–६४) भारतीय तुकड्या सुरक्षा परिषदेच्या ठरावाखाली होत्या. श्रीलंकेतील सैन्य केवळ द्विपक्षीय कराराखाली गेले.

२९ जुलै १९८७ रोजी कोलंबो येथे राजीव गांधी व जे. आर. जयवर्धने यांनी या करारावर सह्या केल्या. सैन्याचा उल्लेख मुख्य मजकुरात ठळकपणे नाही, तो परिशिष्टाच्या सहाव्या कलमात आहे : गरज पडल्यास श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्षांनी भारतीय शांतिरक्षक तुकडीला निमंत्रण द्यावे आणि तिने शस्त्रसंधीची हमी द्यावी व ती अमलात आणावी. ‘हमी’ व ‘अंमलबजावणी’ या दोन शब्दांत पुढच्या साऱ्या वादाचे मूळ आहे. हमी देणारा दोन्ही पक्षांच्या, म्हणजे येथे श्रीलंका सरकार व तमिळ बंडखोर यांच्या, मध्ये उभा राहतो, अंमलबजावणी करणाऱ्याला एका पक्षाविरुद्ध बंदूक उचलावी लागते. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफना येथे तमिळ बंडखोरांविरुद्ध ‘ऑपरेशन पवन’ ही मोहीम सुरू झाली, तेव्हा दुसरा अर्थ प्रत्यक्षात आला. लोकसभेत सत्ताधाऱ्यांचे चारशेहून अधिक सदस्य असल्याने तेथे सरकारला धोका नव्हता. राज्यसभेत मात्र द्रमुकचे वै. गोपालसामी (वैको) यांनी या मोहिमेवर सातत्याने प्रखर टीका केली. मोहिमेत सुमारे १,२०० भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० रोजी परतली. तिच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. या सैनिकांच्या वाट्याला आलेली ही अबोल परतणी आजही सल म्हणून उरली आहे.

इराक, २००३ : अमेरिकेच्या कारवाईवर संसदेने एप्रिल २००३ मध्ये ठराव केला. विरोधकांना धिक्काराचा कडक इंग्रजी शब्द हवा होता, सरकारला खेद सुचवणारा सौम्य. अखेर हिंदीतील ‘निंदा’ शब्दावर तडजोड झाली, कारण त्यात दोन्ही छटा वाचता येत होत्या. त्याच वर्षी अमेरिकेने भारतीय सैन्याची मागणी केली. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसताना सैन्य पाठवायचे नाही, असे मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने १४ जुलैला ठरवले. ठरावाचा या निर्णयावर परिणाम झाला काय, याविषयी मतभेद आहेत. तो निर्णायक नसला, तरी सरकारची मोकळीक त्याने बरीच कमी केली, हे मत स्वीकारण्यासारखे आहे.

इतर प्रसंग : कारगिल संघर्षाच्या वेळी लोकसभा विसर्जित होती व राज्यसभेचे खास अधिवेशन मागणी होऊनही बोलावले गेले नाही, पुनरावलोकन समितीचा अहवाल काही भाग वगळून फेब्रुवारी २००० मध्ये पटलावर आला. ‘ऑपरेशन सिंदूर’वर दोन्ही सभागृहांत जुलै २०२५ मध्ये चर्चा झाली. १९९३ पासून संरक्षण मंत्रालयाच्या मागण्यांची छाननी स्थायी समिती करते.

नोंद : सभागृहातील प्रत्येक शब्द प्रतिवेदक टिपून घेतात. अध्यक्षांनी नियम ३८० खाली काढून टाकलेल्या शब्दांच्या जागी छापील वृत्तांतात तारांकने येतात व तळटीपेत अध्यक्षांच्या आदेशाचा उल्लेख असतो. वाक्य मात्र तसेच राहते, आणि पुढच्या सदस्याने त्यावर घेतलेली हरकतही.